सदतीसास एक

(माध्यमिक शाळेतील उच्च बीजगणित व त्रिकोणमिती यांच्या अध्यापनाविषयी इगतपुरी येथे दिलेले स्मृतिव्याख्यान)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपल्या हयातीतच, आपल्या नावाची पाटी, तसबीर अथवा पारितोषिक यांपैकी काहीही होऊ नये, अशी ताकीद घरच्यांना देऊन ठेवली होती. आणि ती ताकीद इतक्या कसोशीने पाळली गेली आहे की निमंत्रणपत्रिकेवरसुद्धा त्यांचे नाव नाही. मीही ते घेणार नाही. येथील निम्म्या श्रोत्यांना ते ठाऊकच आहे, आणि उरलेल्यांना एवढे सांगितले म्हणजे पुरे की, ज्या दिवसांत या गावात छत्री उघडणे हा केवळ उपचार असतो त्या आषाढाच्या दिवसांत, वर्गाच्या कौलांतून गळणाऱ्या धारेखाली बादली ठेवून, ती किती वेळात भरेल याचे समीकरण ते आमच्याकडून मांडवून घेत, आणि समीकरण चुकले म्हणजे बादली वाहून जमीन भिजे व ती आम्हीच पुसत असू. उत्तरे पुस्तकाच्या शेवटी असतात अशी समजूत ज्यांची झाली आहे त्यांना हे उत्तर कोठे छापलेले होते ते कळावयाचे नाही.

संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य आणि एखादे प्रवासवर्णन या चार खांबांवर उभ्या असलेल्या या व्याख्यानमालेच्या मांडवात बीजगणिताला आणून बसविणे हा थोडा आगाऊपणा आहे, हे मी जाणून आहे. परंतु चाळीस वर्षे ज्या विषयाच्या चाकरीत गेली त्याच्याविषयी एकदा मोकळेपणाने बोलावे, आणि जेथे तो विषय मी शिकलो तेथेच बोलावे, अशी इच्छा होती. माझे म्हणणे एकच आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. अक्षराची आणि सूत्राची गरज मुलाला भासण्यापूर्वीच आपण ती दोन्ही त्याच्या हाती ठेवतो, आणि मग मुलाला ती पेलत नाहीत अशी तक्रार पालकांच्या सभेत करतो. संख्यांचे श्रम आधी झाले पाहिजेत, इतके की हात दुखू लागावा. अक्षर त्यानंतर यावे, आणि ते सुटका म्हणून यावे.

या गावाइतके त्रिकोणमितीच्या वर्गाला सोयीचे दुसरे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल. कसाऱ्याहून इगतपुरीस येणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला. मूळ आखणीप्रमाणे त्याची लांबी नऊ मैल आणि सव्वीस साखळ्या, आणि तेवढ्या अंतरात तो ९७२ फूट चढतो. त्यावरील सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फुटांमागे एक फूट, असा आहे, आणि रेल्वेच्या चाळींत वाढलेल्या मुलाला पाढ्यांतला सदतीस एकवेळ अडेल, पण घाटाचा सदतीस अडणार नाही. कारण त्या आकड्यापायी कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात आणि त्या आकड्यापायी त्याच्या वडिलांना रात्रपाळी असते. (मागून ढकलणाऱ्या त्या बँकर इंजिनाची शिक्षकाला उपमा मी देणार नाही. या तालुक्यातील प्रत्येक शिक्षकदिनाच्या भाषणात ती येऊन येऊन तिची चाके झिजली आहेत.)

आमच्या शिक्षकांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि प्रश्न विचारला: सर्व घाट जर सदतीसास एक या दराने चढत असेल, तर ९७२ फूट चढावयास किती मार्ग पुरेल? आम्ही गुणाकार केला. ३५,९६४ फूट, म्हणजे सात मैलांनाही काही कमी. मग उरलेले अडीच मैल गेले कोठे? वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एका मुलाने, ज्याचे वडील गँगमन होते, सांगितले की मध्ये चढ सौम्य होतो, काही जागी मार्ग जवळजवळ सपाट आहे, आणि वळणावर तो मुद्दाम हलका केलेला असतो. म्हणजे सबंध घाटाची सरासरी सुमारे एकावन्नास एक, आणि सदतीसास एक ही त्यातील परमावधी. सरासरी आणि परमावधी या दोन कल्पना ज्या दिवशी आमच्या डोक्यात वेगळ्या झाल्या तो दिवस मला तारखेनिशी आठवत नाही, पण त्या दिवशी बाहेर धुके होते हे आठवते.

त्यानंतर दुसरा प्रश्न आला, आणि तो अधिक खोल होता. सदतीस फूट म्हणजे रुळावरून चाललेले सदतीस की नकाशावरील सपाटीचे सदतीस? पहिले मानले तर गुणोत्तर साइनचे, दुसरे मानले तर टॅनचे. आम्ही पायथागोरसला कामाला लावले. पाया ३७, उंची १, तर कर्ण १३७० चे वर्गमूळ, म्हणजे ३७.०१३५, दोहोंतील अंतर इंचाचा सहावा हिस्सा. सबंध घाट याच चढाचा धरला तरी नऊ मैलांत फरक पडतो तो अवघा अठरा फुटांचा. कोन निघाला दीड अंशाहून किंचित मोठा, एक अंश तेहतीस कला. लहान कोनाची साइन आणि टॅन जवळजवळ एकच असतात हे विधान पुढे महाविद्यालयात मला सीमेच्या भाषेत शिकविण्यात आले, तेव्हा सर्व वर्ग लिहून घेत होता आणि मी घाट उतरत होतो.

आता याच्या शेजारी आपल्या पाठ्यपुस्तकांतले नेहमीचे उदाहरण ठेवून पाहा. दीपगृहावर उभा असलेला एक मनुष्य समुद्रातील जहाजाकडे पाहतो आणि अवनत कोन साठ अंशांचा असतो. हा मनुष्य कोण, त्याला जहाजाचे अंतर कशासाठी हवे, आणि साठ अंशांनी मान खाली घातल्यावर दिसणारे जहाज खडकावर कसे आदळले नाही, याचा खुलासा कोणी करीत नाही. तीस, पंचेचाळीस आणि साठ या तीन अंशांखेरीज जगात कोन नाहीत अशी मुलांची खात्री होऊन बसते. आणि तीनचे वर्गमूळ १.७३ घ्यावे हा हुकूम प्रश्नाच्या शेवटी कंसात आलेला असतो, त्यामुळे ते वर्गमूळ कोठून आले ही चौकशीही उरत नाही. आमच्या वेळी निदान क्लार्कची गुणोत्तरांची कोष्टके होती, मागच्या आकड्यात पुढचा फरक मिळवीत बोट सरकवावे लागे, आणि कोन एका कलेने बदलला की गुणोत्तर थोडे हलते हे बोटालाच कळे. आज खिशातील यंत्र आठ स्थळांपर्यंत उत्तर देते, आणि त्यातील किती स्थळांवर विश्वास ठेवावा हे सांगत नाही.

येथे माझ्या स्वतःच्या अपराधाची कबुली देणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एका शाळेत, त्रिकोणमितीच्या तासाला मी फळ्यावर लिहिले की १५० अंशांची साइन अर्धा असते. आगगाडीने घोटीकडून येणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, काटकोन त्रिकोणात नव्वदच्या पुढचा कोन बसतोच कुठे?" मी त्याला सांगितले की हे सूत्र आहे, पाठ कर, परीक्षेत विचारतात. तो खाली बसला, आणि पुढे दोन वर्षे माझ्या तासाला त्याने प्रश्न विचारला नाही. त्याचा प्रश्न बिनतोड होता. समोरची बाजू भागिले कर्ण अशी व्याख्या मी त्याला दिलेली होती. त्या व्याख्येच्या हद्दीबाहेर मी स्वतःच पाऊल टाकले आणि दंड मात्र त्याला केला.

पुष्कळ काळानंतर माझ्या ध्यानात आले की माझ्या जुन्या शिक्षकांनी हा पेच आमच्या वर्गात उत्पन्नच होऊ दिला नव्हता. १९३० च्या सुमारास मुंबईकडून विजेचे इंजिन या गावापर्यंत येऊ लागले होते. पुढे भुसावळकडे गाडी न्यावयाची ती कोळशाच्या इंजिनाने, आणि ही व्यवस्था माझ्या बालपणी चालू होती. ते आम्हांला फलाटाच्या टोकाला घेऊन जात आणि इंजिनाच्या मोठ्या चाकावरील खुंटीकडे पाहावयास सांगत, जिला तो लांबलचक लोखंडी दांडा जोडलेला असतो. चाक फिरू लागले की खुंटी आसाच्या पातळीपासून वर चढे, अगदी माथ्यावर पोहोचे, मग दुसऱ्या बाजूने उतरू लागे, पुन्हा आसाच्या पातळीला येई आणि नंतर तिच्याखाली जाई. खुंटी किती वर आहे? खुंटीचे आसापासूनचे अंतर गुणिले साइन. नव्वद अंशांपुढे ती उतरते, म्हणून १५० अंशांची साइन ३० अंशांइतकीच; १८० अंशांपुढे ती आसाखाली जाते, म्हणून साइन ऋण. कोणालाही काहीही पाठ करावे लागले नाही. आम्हांला वाटे, गुरुजींना इंजिनाचे वेड आहे.

आणि गंमत अशी की हाच मार्ग या विषयाचा जन्ममार्ग आहे. आर्यभटाने जे कोष्टक दिले, तीन अंश पंचेचाळीस कलांच्या अंतराने चोवीस संख्यांचे, ते त्रिकोणाच्या बाजूंचे नव्हे, वर्तुळातील अर्ध्या जीवेचे होते. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, आणि त्याची दोरी ती ज्या अथवा जीवा. संस्कृतातील हे नाव अरबांकडे गेले तेव्हा ते जीब असे लिहिले गेले, स्वरचिन्हे नसल्यामुळे पुढील वाचकांनी ते जैब असे वाचले, म्हणजे वस्त्राची घडी, आणि लॅटिनात तिचे भाषांतर सायनस झाले. आपल्या हिंदुस्थानी बोलीतील जेब, म्हणजे खिसा, हा तोच शब्द. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली आणि खिशातून आपल्या दहावीच्या पुस्तकात आली. येताना वर्तुळ मात्र वाटेत राहिले. आधी त्रिकोण, आणि दोन वर्षांनी ओशाळवाण्या चेहऱ्याने वर्तुळ, हा आपला क्रम उलटा आहे असे माझे मत आहे, आणि त्याबद्दल माझ्याशी भांडणारे पुष्कळ सहकारी मला मिळाले आहेत. त्यांचे म्हणणे, त्रिकोण सोपा पडतो. पडतो खरा, उताराच्या तोंडाशी उभे राहणेही सोपेच पडते.

बीजगणिताकडे वळताना मला या स्थानकावरून पूर्वेकडे जावे लागेल. घोटी, पाडळी, अस्वली, लहवित ही ठिकाणे मागे टाकली की देवळाली येते. तेथील शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात, जेथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. आणि पदव्युत्तर पदवी कोणतीही नाही. ज्या रँग्लर परांजप्यांनी १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होऊन सबंध महाराष्ट्राला गणिताचा अभिमान वाटावयास लावला, त्यांच्या नावाचे पारितोषिक घेऊन हा मनुष्य एका छावणीच्या गावी शाळामास्तर होऊन राहिला, आणि डोंबिवलीच्या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्या स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून डेम्लो संख्या म्हणू लागला. विद्वान मंडळींनी त्यांचे काम दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव समुद्रापलीकडे गेले, आणि तेथून परत आल्यावर आपल्यालाही ते ऐकू आले.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी जी गोष्ट मांडली ती तिसरीतला मुलगा करू शकतो. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत; अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आणि उत्तराशी पुन्हा हेच करावे. मी आपल्या घाटाचे साल घेतो, १८६५. ८६५१ उणे १५६८ म्हणजे ७०८३. त्यावरून ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. त्यावरून ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. आता पुढे? ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. गाडी या स्थानकावर कायमची थांबली. कोणतीही संख्या घ्या, फार तर सातव्या खेपेला ती येथे येऊन थांबते.

नववीच्या वर्गाला मी हे काम दिले की पहिले दोन दिवस कोणालाही अक्षराची आठवण येत नाही. सगळा वर्ग वजाबाक्या करीत असतो, चुका करीत असतो, आणि ६१७४ न आल्यास चूक आपली आहे हे न सांगता समजतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारते, असे का होते? आणि त्याच वेळी, त्याच्या आधी एक क्षणही नाही, मी फळ्यावर अक्षरे लिहितो. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड. मोठ्या संख्येतून छोटी वजा केली की उरते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). मुले या ओळीकडे पाहत राहतात, कारण त्यांना एकदम दिसते की चार अंकांपैकी मधले सगळे तपशील पुसले गेले. शिल्लक राहिल्या दोन वजाबाक्या, बाहेरच्या दोन अंकांची आणि आतल्या दोन अंकांची. बाहेरचे अंतर एक ते नऊ, आणि आतले अंतर शून्यापासून बाहेरच्यापर्यंत; म्हणजे शक्यता दोन अधिक तीन अधिक चार असे करीत दहापर्यंत, एकूण ५४. आरंभीची शून्ये धरून प्रारंभीच्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्नांवर येतात. चोपन्न संख्या तर चार मुले वाटून घेऊन एका तासात तपासतात. अक्षराने सिद्धता दिली असे नव्हे. अक्षराने दहा हजारांचे काम चोपन्नांवर आणून ठेवले, आणि उरलेले काम हातांनीच झाले. बीजगणित म्हणजे काय याची जी व्याख्या मला पुस्तकांतून मिळाली नाही ती मला या फळ्यावर मिळाली.

दुसरे उदाहरण याहून मला अधिक प्रिय आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५, पुन्हा ५५. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ आणि १. या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दोन अंकी संख्यांत अशा आणखी किती? मुले नव्वद वर्ग करून पाहावयास निघतात, आणि मी त्यांना तिसापर्यंत जाऊ देतो. तेवढे श्रम पुरे होतात. मग संख्येला न म्हणू. तिचा वर्ग १०० × प + फ, आणि प + फ = न. वजाबाकी केली की वर्गातून न गेला तर ९९ × प राहतो. म्हणजे न × (न − १) ही संख्या ९९ ने निःशेष भागली गेली पाहिजे. एकामागून एक येणाऱ्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. तेव्हा ९ ने एकीला आणि ११ ने दुसरीला भाग जावा, किंवा ९९ ने एकीलाच. न हा नवाच्या पाढ्यात आणि त्याच्या मागचा अकराच्या पाढ्यात: ४५, कारण ४४. न अकराच्या पाढ्यात आणि मागचा नवाच्या: ५५, कारण ५४. न स्वतः ९९. संपले. दोन अंकी संख्यांत या तीनच, चौथी नाही, आणि नाही हे आता आपल्याला ठाऊक आहे, नुसते सापडली नाही असे नव्हे. ४५ आणि ५५ यांची बेरीज शंभर का, हा प्रश्न मी वर्गासाठी सोडून देतो, आणि आपल्यासाठीही.

या सर्व गोष्टींत वर्गसमीकरण आहे, अवयव आहेत, विभाज्यता आहे; परीक्षेच्या दृष्टीने मात्र यात काहीच नाही, कारण अपेक्षित प्रश्नसंचात हे येत नाही. खाजगी शिकवण्यांवर मी येथे तोंडसुख घेणार नाही. पालक पैसे मोजतात ते निश्चिंतीसाठी, आणि शाळेने ती दिली असती तर त्यांनी मोजले नसते.

देवळालीच्याही पुढे, मनमाड ओलांडून, हाच लोहमार्ग चाळीसगावास जातो, आणि तेथून जवळच, सह्याद्रीच्या शाखेच्या पायथ्याशी पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांच्या परिश्रमाने तो विद्वानांपुढे आला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ साली येथे एक मठ स्थापिला, आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्यासाठी उत्पन्न नेमून दिले. गणिताच्या अध्यापनासाठी दिलेली सनद दगडावर कोरलेली अशी आपल्या देशी भाषेच्या टापूत पडून आहे, आणि आपल्या सहली मात्र पाण्याच्या घसरगुंड्यांकडे जातात.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींची नावे कशी होती, हे मी दरवर्षी आठवीला सांगतो. पहिली अज्ञात ती यावत्तावत्, म्हणजे जितकी असेल तितकी. दुसरी काळी, तिसरी निळी, चौथी पिवळी, आणि लिहिताना नुसते या, का, नी, पी. ज्ञात संख्येला रूप, म्हणजे रू. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. क्ष या अक्षराने भ्यालेली मुले काळ्या आणि निळ्या राशींना भीत नाहीत. एका वर्षी तर वर्गाने दोन रंगांच्या खडूंनी एकसामयिक समीकरणे सोडविली, आणि निळ्याचा लोप करावयाचा तर ओल्या फडक्याने निळा पुसला. श्रीधराचार्यांची वर्गसमीकरणाची रीतही भास्कराचार्यांनीच आपल्यासाठी जपून ठेवली: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, आणि मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा. आपल्या पूर्ण वर्ग पद्धतीत सहगुणकाने भागून, निमपट करून, वर्ग करून मुलगा अपूर्णांकांच्या चिखलात रुततो. श्रीधरांच्या रीतीत अपूर्णांक उत्पन्नच होत नाहीत. हे मी देशाभिमानाने सांगत नाही. केंब्रिजच्या पुस्तकात असती तरी ही रीत अधिक चांगलीच ठरली असती. हॉल आणि नाइट यांच्या बीजगणितावर आणि लोनीच्या त्रिकोणमितीवर माझी पिढी पोसली गेली, आणि त्या ग्रंथांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. लोनीचेच पुस्तक कुंभकोणमच्या शाळकरी रामानुजनांच्या हाती पडले होते, आणि त्यांचे काही बिघडले नाही.

हे विषय सर्वांनी शिकावे की निवडक मुलांनी, या वादात मी लांब जात नाही. माझ्या शालान्त परीक्षेच्या काळी बीजगणित आणि भूमिती सोडून साधे गणित घेण्याची मुभा होती, आणि मुलींना ती मुभा न मागताच मिळे. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे गणित सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली, आणि पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर ती बहुतांशी अमलात आली. सक्तीने द्वेष वाढला असे म्हणणारे आहेत. मी एवढेच पाहिले आहे की या तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवरच्या ज्या मुली आश्रमशाळांतून अकरावीस येतात, त्यांतील कित्येकींच्या घरी भाताच्या खाचराची मोजणी झाली तेव्हा नकाशा कोणालाच वाचता आला नव्हता. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब मोजणीदाराला येतो आणि शेतमालकिणीला येत नाही, एवढ्या एका फरकावर किती बांध सरकले असतील. निवडक मुले म्हणजे कोण, हे कचेरीने ठरवू नये.

आता कळसूबाईची गोष्ट सांगतो आणि थांबतो. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर, हिवाळ्यातील निरभ्र सकाळी गावाबाहेरच्या माळावरून दिसते. गेल्या हिवाळ्यात अकरावीच्या काही मुलांना मी तेथे नेले. साहित्य प्रत्येक गटास एक कोनमापक, दोरा, गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा आणि बोरूची एक नळी. नकाशावरून सरळ अंतर सुमारे वीस किलोमीटर. आपली स्वतःची उंची, स्थानकाच्या पिवळ्या पाटीच्या आधाराने, सुमारे सहाशे मीटर. उन्नत कोन एका गटाला अडीच अंश आला, दोघांना तीन, आणि एकाला चार. तीन अंशवाल्यांना शिखराची उंची जवळजवळ बरोबर मिळाली आणि त्यांनी उड्या मारल्या. चार अंशवाल्यांनी कळसूबाईला दोन हजार मीटरपर्यंत चढविले. मग आम्ही माळावरच बसून काढले की येथे अर्ध्या अंशाची चूक म्हणजे पावणेदोनशे मीटर. १८०२ साली मद्रासेत लॅम्टनने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला तेव्हा कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे का होते, हे समजावयास एवढे पुरे झाले.

निघण्याच्या वेळी एका मुलीने विचारले, "सर, पृथ्वी गोल आहे ना, मग वीस किलोमीटरवर डोंगराचा पायथाच आपल्या पातळीच्या खाली गेलेला असेल." मी तिला खडा देऊन जमिनीवरच आकृती काढावयास सांगितली. पृथ्वीच्या केंद्रापासून एक त्रिज्या आपल्यापर्यंत, आपल्या पायाशी स्पर्शरेषा वीस किलोमीटरची, आणि तिच्या टोकापासून केंद्रापर्यंत कर्ण. तो त्रिज्येहून जितका लांब, तितकी घट. पायथागोरसाने समीकरण दिले: अंतराचा वर्ग बरोबर व्यास गुणिले घट, अधिक घटीचा वर्ग. मी म्हणालो, शेवटचे पद सोडून द्या. ४०० भागिले १२,७४२, उत्तर सुमारे एकतीस मीटर. मुलांनी ते लिहून घेतले. ती मात्र लिहीत नव्हती. तिने विचारले, "सोडून द्या म्हणजे? कोणाच्या परवानगीने?"

मी तिला ते पद काढून पाहावयास सांगितले. एकतीस सहस्रांश किलोमीटरचा वर्ग, म्हणजे एका चौरस किलोमीटरचा हजारावा भागही नाही, आणि समोर चारशे. तिने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग ते पद खोडले नाही. त्याभोवती पेन्सिलीने कंस घातला आणि वही मिटली.